वेताळ, बहादूर आणि गळका नळ

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या कपाटात कॉमिक्सची चळत सापडली, की पाहुणे हसतात. तो माणूस कवी असेल तर जरा जास्तच हसतात. ‘नातवंडांसाठी जपून ठेवलीत वाटतं?’ असं विचारतात. नाही, माझीच आहेत, असं सांगितलं की विषय बदलतात. आज तो विषय बदलायचा नाही, असं मी ठरवलं आहे. वेताळ, मँड्रेक, बहादूर आणि पुढे टीव्हीच्या पडद्यावर आलेले शूरवीर यांच्यावर ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या एका अख्ख्या पिढीनं जीव लावला. त्या प्रेमालाही इतिहास आहे आणि तो निव्वळ पोरखेळाचा नाही.

सुरुवात करावी लागते मार्च १९६४ पासून. त्या महिन्यात मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनानं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ बाजारात आणलं. पहिल्याच अंकाचा नायक होता फँटम. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ पासून वृत्तपत्रांच्या चित्रपट्टीतून हा नायक रंगवला होता. त्याच्याआधी, १९३४ मध्ये, त्यांनी जादूगार मँड्रेक निर्माण केला होता. इंद्रजाल मराठीतही निघू लागलं आणि फँटमचं बारसं झालं ‘वेताळ’.

हे नाव ज्यानं कुणी सुचवलं त्याला मी मनोमन सलाम करतो. मूळ इंग्रजीत या नायकाला ‘चालतं भूत’ म्हणतात. आता आपल्या कोकणात जा. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार. तो रात्री गावाच्या हद्दीतून फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. डोंबिवली-ठाण्याच्या चाळींतून कोकणातली किती बिऱ्हाडं राहत होती! त्यांच्या पोरांना अंधारात फिरणारा, गोरगरिबांची राखण करणारा वेताळ समजावून सांगावा लागलाच नाही. परका नायक आपल्या गावच्या नावानं आला आणि घरचा झाला.

छापणाऱ्यांनी आणखीही काळजी घेतली होती. मूळ कथेतल्या चाच्यांच्या टोळीचं नाव ‘सिंग’ होतं, ते इथे ‘सिंगा’ झालं. एका खलनायकाचं ‘रामा’ हे नाव बदलून ‘रामालू’ केलं गेलं. जंगलाच्या प्रदेशाचं ‘बेंगाली’ हे नाव ‘डेंकाली’ झालं. आपल्या वाचकाला आपलं नाव खलनायकाच्या कपाळावर दिसू नये, एवढा साधा विचार. नावात काय आहे, असं आपण सहज म्हणतो. पण नावामुळे ज्याच्याकडे कुणी कधी वळून पाहिलं असेल, त्याला विचारा नावात काय आहे ते.

माझं लहानपण कल्याणात गेलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ मधलं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधलं. वाचनाची परंपरा या पट्ट्यात जुनी आणि भक्कम. पण आम्हा कॉमिकवाल्यांचं वाचनालय वेगळं होतं. त्याची एक शाखा रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर, दुसरी रद्दीवाल्याकडे आणि तिसरी, सगळ्यात मोठी, शेजाऱ्यांच्या घरात. एक अंक विकत घ्यायचा आणि तो फिरवून दहा अंक वाचायचे, हा आमचा हिशेब. मुखपृष्ठ निखळलेलं, कोपरे दुमडलेले, मधल्या पानावर आमटीचा डाग. तरी त्या अंकाची किंमत कमी होत नसे.

आमच्या घरात शूरवीर आधीपासून राहत होते. नानी हातिमताईच्या गोष्टी सांगायची. अमीर हमजाच्या दास्तानमधला अमर अय्यार तर माझा फार लाडका. त्याच्याजवळ एक झोळी होती, तिचं नाव जंबील. तिच्यात सारी दुनिया मावायची. अंगावर चादर घेतली की तो अदृश्य व्हायचा. ही दास्तान लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं ४६ खंडांत छापली होती. म्हणजे मुखवटा, अदृश्य होणं, चमत्कारी वस्तू यांतलं काहीच मला अमेरिकेकडून प्रथम कळलं नाही. नानीचा अमर अय्यार आणि स्टॉलवरचा मँड्रेक माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी बसले आणि त्यांचं भांडण कधी झालं नाही.

मग डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये ‘बहादूर’ अवतरला. काळ लक्षात घ्या. १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली होती. १९७५ मध्ये ‘शोले’ आला होता. घराघरांत गोष्टी डाकूंच्या होत्या. बहादूर हा अशाच एका डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला, पोराच्या मनात सूड. पण तो सुडाची वाट सोडतो आणि डाकूंविरुद्ध गावकऱ्यांना उभं करतो. ‘नागरिक सुरक्षा दल’ हे त्याच्या संघटनेचं नाव. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. मुखवटा नाही, उडणं नाही, जादूची अंगठी नाही. सोबतीला बेला, जी वाचवली जाण्याची वाट बघत बसणारी नव्हती, स्वतः लढणारी होती.

वेताळ आणि बहादूर यांच्यातला फरक मला पुढे कविता लिहू लागल्यावर उमगला. वेताळ अमर नसतो. चारशे वर्षं बाप मरतो आणि मुलगा तोच मुखवटा चढवतो. जंगलातल्या लोकांना वाटतं, तोच माणूस जिवंत आहे. आपला वेताळ एकविसावा. त्याचं मोठेपण वारसा चालवण्यात आहे. बहादूरचं मोठेपण नेमकं उलट, वारसा नाकारण्यात. बाप काय होता यावरून मुलगा काय होईल हे ठरत नाही, एवढी एकच गोष्ट तो सांगत होता. ही गोष्ट सांगायला त्याला बत्तीस पानं पुरायची. मोठमोठ्या ग्रंथांना ती साधत नाही.

या बहादूरचे लेखक आबिद सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. सुरती यांचा जन्म १९३५ चा, गुजरातेतला. वाढले मुंबईत डोंगरी भागात. ‘धर्मयुग’मधला त्यांचा ‘ढब्बूजी’ वाचकांना आठवत असेल. त्यांनी सांगितलेली एक आठवण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोदीकडून येणाऱ्या गाडीतले गोरे सैनिक पोरांकडे खाऊ भिरकावायचे. एकदा एक कॉमिक भिरकावलं गेलं. पोरांनी झडप घातली, ते फाटलं, आणि आबिदच्या हाती मिकी माउसचं एक पान आलं. त्या एका पानावरून मुलगा चित्रं काढायला शिकला.

मला आबिद हे नाव कळलं तो दिवस माझ्यासाठी ईदचा होता. माझ्या वयाच्या मुलानं नायकांच्या यादीत स्वतःसारखं नाव शोधणं साहजिक होतं. नायकांत ते सापडलं नाही, नायक घडवणाऱ्यात सापडलं. आणि जगभर असंच घडत आलंय. १९३८ मध्ये सुपरमॅन छापून आला, तो क्लीव्हलँडच्या जेरी सिगेल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी घडवलेला. दोघंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला देऊन टाकले. दुसऱ्या ग्रहावरून आलेला, नाव बदलून राहणारा, तरी या मातीवर जीव टाकणारा तो सुपरमॅन कुणाच्या मनातून निघाला असेल, हे वेगळं सांगायला नको. कमला खान ही मुस्लिम मुलगी नायिका म्हणून स्वतःच्या कॉमिकमध्ये आली ती २०१४ मध्ये. तोवर मी चाळिशी ओलांडली होती. तरी तिचं कॉमिक घेतलं. उशिरा मिळालेली चिठ्ठीही माणूस उघडून वाचतोच.

एक गोष्ट सांगतो. मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल पेटली आणि तिची झळ ठाणे-कल्याणपर्यंत पोहोचली. आम्हा पोरांना घराबाहेर पडू देत नव्हते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हात लांब करून इंद्रजालचे सात-आठ अंक दिले. ‘वाच बाळा, तेवढाच वेळ जाईल,’ म्हणाल्या. त्या रात्री आमच्या चाळीच्या जिन्यात दोन्हीकडचे बापे एकत्र जागत बसले होते. हातात काठी, मधे चहाची किटली. नागरिक सुरक्षा दल मी कॉमिकमध्ये वाचलं होतं. ते लुंगी आणि पायजम्यात कसं दिसतं, हे त्या रात्री पाहिलं.

दरम्यान टीव्ही आला होता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, पण आमच्याकडे घराघरांत संच पोहोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. कौलावर अँटेना, अँटेनावर कावळा आणि पडद्यावर मुंग्या. त्या मुंग्यांतून आम्ही ‘स्टार ट्रेक’ पाहिलं. त्या यानात नाना देशांची, नाना वर्णांची माणसं एकत्र प्रवास करत. आम्हाला त्यात आमच्या लोकलचा डबा दिसे. ‘ही-मॅन’ पाहिला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुमीत राघवनच्या रूपात पाहिला. फुरसुंगीचा हा बनेश फेणे माझ्या लेखी बहादूरचा धाकटा भाऊ. शक्ती कसलीच नाही. एक सायकल, तल्लख डोकं आणि ओठांवर ‘ट्टॉक’.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ आला आणि आमच्या पुढच्या पिढीला वेड लागलं. तो २००५ पर्यंत चालला. त्या काळात काळजी वाटायला लावणाऱ्या बातम्याही आल्या. शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर मुलं स्वतःला धोक्यात घालतात, असं छापून येऊ लागलं. मुकेश खन्ना यांना पडद्यावरूनच मुलांना समजवावं लागलं. सुपरहिरोंवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप हाच: ते माणसाला वाट बघायला शिकवतात. कुणीतरी येईल, आकाशातून उतरेल आणि आपलं भलं करील. आपल्या राजकारणाकडे पाहिलं तर हा आक्षेप फक्त लहान मुलांपुरता नाही, हेही कबूल करावं लागेल.

या आक्षेपाला उत्तर मिळालं ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात, फक्त पश्चिम रेल्वेच्या बाजूला, मीरा रोडला. आणि ते दिलं बहादूरच्याच निर्मात्यानं. २००७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, आबिद सुरती यांनी ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केलं. नाव फाउंडेशन, पण माणसं मोजकी: ते स्वतः, एक प्लंबर आणि मदतीला एक कार्यकर्ती. रविवारी सोसायट्यांत जायचं, दारावरची बेल वाजवायची आणि विचारायचं, ‘तुमच्याकडे नळ गळतोय का?’ गळत असेल तर वायसर बदलून द्यायचा, फुकट.

पहिल्या वर्षात ते १,६६६ घरांत गेले आणि ४१४ गळके नळ दुरुस्त झाले. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ महिन्याला हजारेक लिटर पाणी घालवतो, हा त्यांचा हिशेब. म्हणजे चार लाख लिटरहून अधिक पाणी वाचलं. यामागे डोंगरीतली लहानपणची पहाट होती. चार वाजता उठून पाण्याच्या रांगेत उभी राहिलेली आई त्यांनी पाहिली होती. वारसा असाही असतो. आईची बादली मुलानं साठ-सत्तर वर्षांनी उचलली.

आपल्या जिल्ह्यात पाण्याची गोष्ट साधी नाही. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन बसतात. अशा जिल्ह्यात एक म्हातारा लेखक दारोदार फिरून थेंब वाचवतो, तेव्हा त्याच्या पाठीवर उडता झगा नसला तरी चालतं.

म्हणून माझी कॉमिक्स कपाटातून हलणार नाहीत. लहानपणी जे आवडलं ते मोठेपणी टाकून द्यावं, असं शहाणे सांगतात. मला वाटतं, टाकू नये. त्यानं आपल्याला काय करायला सांगितलं होतं, ते पुन्हा वाचावं. वेताळ सांगत होता की काम हातातून हातात द्यायचं असतं. बहादूर सांगत होता की कुणाच्या पोटी जन्मलो यापेक्षा कुणाच्या बाजूनं उभे राहिलो हे मोठं. आणि दोघांच्या वतीनं सुरतीसाहेबांनी सांगितलं की सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातल्या नळापासूनही करता येते.