वच्छोमी : कवितेच्या एका रीतीचं माहेर

वासरू, मासा आणि वाशिम हे तीन शब्द एकाखाली एक लिहून बघा. वासरू आलं 'वत्सरूप'वरून, मासा 'मत्स्य'वरून. संस्कृतातल्या 'त्स'चा प्राकृतात 'च्छ' झाला आणि मराठीत त्याचा 'स' उरला. पुढे 'इ' आली की हाच 'स' तालव्य होतो, जसं सीमेचं शीव झालं. विदर्भातल्या वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. गुल्म म्हणजे झुडपांची जाळी. प्राकृतात त्याचं वच्छगुम्म झालं, मधला 'ग' गळला, 'अ' आणि 'उ' मिळून 'ओ' झाला आणि वच्छोम उरलं, त्याचंच पुढे वाशिम झालं. कुंभकाराचा कुंभार झाला तो असाच, मधला 'क' गळून.

या वच्छोमापासून एक विशेषण झालं, 'वच्छोमी'. माझा जीव जडला आहे तो या शब्दावर. इ.स. ९०० च्या सुमारास राजशेखराने 'कर्पूरमंजरी' हे प्राकृत नाटक लिहिलं. त्याच्या आरंभीच तो काव्याच्या रीतींची, म्हणजे रचनेच्या शैलींची, नावं घेतो आणि संस्कृत पंडित जिला वैदर्भी म्हणत, तिला 'वच्छोमी' म्हणतो. म्हणजे सगळ्या विदर्भाच्या नावाऐवजी त्याला एकट्या वाशिमचं नाव पुरेसं वाटलं!

आपल्या 'काव्यमीमांसे'त तर त्याने गोष्टच रचली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला वळवायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. पूर्वेकडे तो तिला बधत नाही आणि त्याच्या तोंडून लांबलचक समासांची भाषा निघते, ती गौडी. पांचाल देशात थोडा नरमतो, समासही कमी होतात. विदर्भात तो पुरता तिचा होतो तेव्हा समास सुटलेले असतात आणि बोलण्यात स्थानानुप्रास आलेला असतो. दोघांचा गांधर्व विवाह लागतो तो वत्सगुल्मात.

स्थानानुप्रास म्हणजे तेच अक्षर पुन्हा पुन्हा येणं नव्हे, तर तोंडातल्या एकाच जागेहून निघणारे वर्ण जवळजवळ येणं. 'नदीत दिवा तरंगत निघाला' हे मोठ्याने म्हणा. त, द, न, सगळे दातांपाशी होतात. जीभ फार हलत नाही आणि पाण्याची संथ चाल आपोआप कानात येते. आता म्हणा, 'कडाडत ढग गडगडले'. जीभ टाळूकडे उलटी वळून आपटते. ढगांना कसलीही उपमा दिलेली नाही, तरी ते ऐकू येतात. काव्यशास्त्रकार मम्मटाने माधुर्य या काव्यगुणातून ट-वर्ग वगळला आणि ओज या गुणात तो घेतला, त्याचं कारण जिभेला असं कळतं. अलंकार म्हणजे कवितेवर वरून घातलेले दागिने, अशी समजूत अजून घट्ट आहे. मला ती मुळीच पटत नाही. वर्णांची निवड हाच पहिला अर्थ.

'रीती' हा शब्दही तेच सांगतो. तो गतिवाचक 'री' धातूपासून आला. रीती म्हणजे वाहणं, ओघ. काव्यशास्त्रकार दंडीने तिलाच 'मार्ग' म्हटलं. आपल्या घरातली 'रीतभात' त्याच ओघातली.

वाशिमला हा मान फुकट मिळालेला नाही. चौथ्या शतकात इथे वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी होती. त्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः कवी. त्याने 'हरिविजय' हे काव्य माहाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत लिहिलं. सत्यभामेसाठी कृष्णाने पारिजात आणला, ती कथा. आनंदवर्धन आणि कुंतक यांच्यासारख्या काश्मिरी पंडितांनी सर्वसेनाची दखल घेतली. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशिमलाच सापडला. त्यात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा मजकूर प्राकृतात.

'हरिविजय' आज उपलब्ध नाही. अलंकारग्रंथांनी उदाहरणादाखल घेतलेले श्लोक तेवढे उरले. वाशिम जिल्ह्यातल्या मराठीच्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती आहे. वर्गात अनुप्रास शिकवाल तेव्हा फळ्यावर आधी 'वच्छोमी' लिहा आणि मुलांना सांगा, या शब्दात आपल्या वाशिमचं नाव आहे.