रस्त्यापलीकडे गार हवा होती

रविवार, 10 सप्टेंबर 2017, सकाळी 9.10

इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, कडजो की या बेटावर धडकलं. मायामीच्या उत्तरेला ब्रोवर्ड काउंटीत हॉलिवूड नावाचं शहर आहे (सिनेमावालं नव्हे, ते तिकडे कॅलिफोर्नियात). तिथल्या 'रिहॅबिलिटेशन सेंटर ॲट हॉलिवूड हिल्स' या दुमजली नर्सिंग होममध्ये तेव्हा सुमारे 140 जण राहत होते. बहुतेक वयोवृद्ध. कोणी अंथरुणाला खिळलेलं, कोणाला स्मृतिभ्रंश, कोणाला पेल्यातलं पाणी पिण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागायचा. वादळात इथेच थांबायचं, असं संस्थेने ठरवलं होतं.

तो निर्णय आज मूर्खपणाचा वाटतो, पण तसा तो नव्हता. अशा माणसांना गाडीत घालून दूर नेणंही जिवावर बेतू शकतं. 2005 मध्ये रिटा वादळापासून वाचवायला म्हणून टेक्सासमधल्या वृद्धांना नेणारी बस पेटली आणि 23 जण वाटेतच गेले. वादळात जागेवर थांबणं हा वैद्यकीयदृष्ट्या मान्य पर्याय आहे. मात्र जिथे थांबायचं ती जागा राहण्याजोगी ठेवता आली पाहिजे.

रविवार, दुपारी 3 च्या सुमारास

एसीच्या यंत्रणेला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला.

दिवे चालू होते. स्वयंपाकघर चालू होतं, टीव्ही चालू होते. बंद पडला तो फक्त एसी. इमारत अंधारात बुडाली असती, तर कदाचित सगळे खडबडून जागे झाले असते. जनरेटर होता, पण त्यावर एसी चालत नव्हता, आणि तसा तो चालला पाहिजे अशी सक्ती फ्लोरिडात तेव्हा नव्हती. नर्सिंग होममधलं तापमान 71 ते 81 अंश फॅरनहाइटच्या दरम्यान (साधारण 22 ते 27 सेल्सिअस) असावं, एवढं केंद्राच्या नियमात होतं. ते टिकवायचं कशावर, हे ज्याचं त्याने बघायचं.

वीज कंपनीला, म्हणजे फ्लोरिडा पॉवर अँड लाइटला, फोन गेला. तक्रार नोंदवून घेतली गेली. त्या दिवशी लाखो घरांची वीज गेलेली होती.

रविवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

पंखे लागले. स्पॉट कूलर, म्हणजे चाकांवरचे फिरते एसी, बोळांतून मांडले गेले.

या यंत्रांपाशी जरा थांबायला हवं. फिरता एसी पुढून गार हवा सोडतो आणि खोलीतली उष्णता मागच्या जाड नळीतून बाहेर टाकतो. ती नळी खिडकीबाहेर काढायची असते. इथे खालच्या मजल्यावरच्या यंत्रांच्या नळ्या छतात सोडल्या होत्या. खालच्या मजल्याची उष्णता छताच्या पोकळीत आणि तिथून वरच्या मजल्याच्या पायाखाली. खालच्यांना थोडा आराम पडत होता, तेव्हा वरचा मजला तापत होता. पुढे तज्ज्ञांनी हे चौकशीत उलगडून सांगितलं, आणि मेलेल्यांमध्ये वरच्या मजल्यावरचे इतके जास्त का, याचा उलगडा झाला.

सोमवार, 11 सप्टेंबर

वादळ उत्तरेकडे निघून गेलं. ऊन पडलं. वीज कंपनीला पुन्हा फोन. काउंटीच्या आपत्कालीन कक्षाला फोन. राज्यपाल रिक स्कॉट यांनी वादळाआधीच्या बैठकीत नर्सिंग होमवाल्यांना आपला मोबाइल नंबर दिला होता, काही अडलं तर कळवा म्हणून. त्यावरही फोन गेले, निरोप ठेवले गेले. राज्यपालांच्या कार्यालयाने नंतर सांगितलं, की प्रत्येक निरोप संबंधित खात्याकडे पोचवला होता आणि रुग्णांच्या जिवाला धोका आहे असं कोणी म्हटलंच नव्हतं. ध्वनिमुद्रित निरोप मात्र तोवर पुसले गेले होते.

निरोप पुसले जायला नको होते, हे खरंच. तरी कार्यालयाच्या म्हणण्यातला दुसरा भाग मला सोडवत नाही. त्या तीन दिवसांतले फोन बहुतांशी यंत्राबद्दलचे होते. एसी बंद आहे, माणूस कधी पाठवता? बिछान्यातला माणूस तापलाय, त्याला कुठे हलवू, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो वीज कंपनीला विचारायचा नसतो.

तो विचारायला लांब जायचीही गरज नव्हती. मेमोरियल रिजनल हे मोठं हॉस्पिटल रस्त्याच्या पलीकडेच होतं. तिथे वीज होती, एसी होता, डॉक्टर होते.

मंगळवार, 12 सप्टेंबर

एसीविना दोन दिवस उलटले. या दिवसाबद्दल घटनाक्रमात लिहिण्यासारखं फारसं काही सापडत नाही. नेमकं तेच भयंकर आहे, कारण शरीरांच्या आत या दिवशी पुष्कळ घडत होतं.

म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो. तहान लागली तरी जाणवत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्या अंगातलं पाणी आणखी काढतात. मनोविकारावरच्या काही गोळ्या घाम अडवतात. ज्याला स्मृतिभ्रंश आहे तो 'उकडतंय' असं सांगेलच असं नाही. ज्याला हलता येत नाही, तो अंगावरची चादर बाजूला सारू शकत नाही. दमट, गरम खोलीतला पंखा तीच गरम हवा अंगावर फेकतो. अशा वेळी खोलीचं तापमान आणि रुग्णाचा ताप दोन्ही दर काही तासांनी कोणीतरी बघायला हवं. तरुण नर्सला घाम फुटलाय, वैताग आलाय, पण ती ठीक आहे. तिच्या अंगावरून शेजारच्या खाटेवरच्या नव्वदीतल्या बाईंचा अंदाज बांधता येत नाही.

वीज कंपनीचा माणूस आला नव्हता.

बुधवार, 13 सप्टेंबर, पहाटे 3

911 ला फोन गेला. हृदय बंद पडल्याची केस. अग्निशमन दलाचे जवान आले, रुग्णाला घेऊन गेले.

पहाटे 4 च्या सुमारास

दुसरा फोन. श्वास लागलेला रुग्ण. त्यानंतर आणखी एक. दलाच्या एका महिला अधिकाऱ्याने नंतर साक्षीत सांगितलं, की एका रुग्णाचा ताप 107.5 भरला, आणि आपल्या नोकरीत एवढा ताप तिने कधी पाहिला नव्हता. आपल्या घरोघरच्या जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरवरचे आकडे 108 ला संपतात. त्या रात्रीच्या नोंदींत 109.9 हाही आकडा आहे.

आत्ताच सगळ्यांना तपासलंय, बाकी सगळे ठीक आहेत, असं तिला सांगण्यात आलं होतं. तिने ऐकलं नाही. जवान खोल्या उघडत गेले. वरच्या मजल्यावर मृतदेह सापडले.

पहाटे 5 नंतर

पलीकडच्या हॉस्पिटलमध्ये एकाच पत्त्यावरून एकामागून एक भाजून निघालेले रुग्ण येताहेत, हे तिथल्या परिचारिकांच्या लक्षात आलं. काय चाललंय ते बघायला त्या चालत रस्ता ओलांडून आल्या. मग हॉस्पिटलचे कर्मचारी स्ट्रेचर आणि व्हीलचेअर घेऊन धावले. उजाडता उजाडता अख्खी इमारत रिकामी होऊ लागली. जे तीन दिवसांत झालं नाही, ते काही तासांत उरकलं.

त्या दिवशी आठ जण गेले. पुढच्या दिवसांत आकडा वाढला. 57 ते 99 वयाच्या 12 जणांचा मृत्यू उष्णतेने झालेला मनुष्यवध म्हणून वैद्यकीय परीक्षकांनी नोंदवला.

नंतर

राज्याच्या आरोग्य यंत्रणेने कागद तपासले. काही नोंदी मागाहून लिहिलेल्या निघाल्या. एका नोंदीत रुग्ण शांत पडून आहे, श्वास नियमित चालू आहे, असं होतं. जी वेळ त्यात लिहिली होती, तेव्हा तो रुग्ण मरण पावलेला होता.

आठवड्याभरात परवाना स्थगित झाला, संस्था कायमची बंद पडली. ऑगस्ट 2019 मध्ये प्रशासक आणि तीन परिचारक-परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. तिघांवरचे आरोप पुढे मागे घेण्यात आले. फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारी पक्षाचं म्हणणं संपताच, बचावाची बाजू ऐकायच्याही आधी, न्यायाधीशांनी प्रशासकाला निर्दोष सोडलं. त्याने फोन केले होते, पंखे लावले होते, कूलर आणले होते. निष्काळजीपणा आणि गुन्हा यांच्यातलं अंतर न्यायालयात पुराव्याने ओलांडावं लागतं, आणि सरकारला ते जमलं नाही.

मार्च 2018 मध्ये फ्लोरिडात कायदा झाला: वीज गेली तरी 96 तास तापमान 81 अंशांच्या आत ठेवता येईल असा जनरेटर आणि त्याचं इंधन प्रत्येक नर्सिंग होमने बाळगायचं. मुदत होती 1 जून 2018, म्हणजे पुढचा वादळांचा हंगाम सुरू होतो तो दिवस. अनेक संस्थांनी मुदतवाढ मागितली. ती मिळाली, जानेवारीपर्यंत. हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो.