घोड्याचे म्हातारपण आणि म्हातारपणात दडलेला आजार

भारतीय परंपरेने घोड्याचे वय फार बारकाईने वाचले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त दातांच्या बदलत्या रंगावरून घोड्याचे वय ओळखण्याची रीत सांगितली, तर ‘बृहज्जातका’त त्याचे पूर्ण आयुष्य 32 वर्षांचे मानले. तंजावरच्या मराठे राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावरील ‘अश्वशास्त्र’ जपले गेले. काशीतील दूधविनायक परिसरातील मराठी कुटुंबांच्या कानांवर पडणाऱ्या हिंदीत घोड्याच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हणत. हा शब्द अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य शालिहोत्र याच्या नावावरून आला.

वय ओळखता येत होते; वयाच्या आड दडलेला एक आजार मात्र विसाव्या शतकापर्यंत निनावी राहिला. लढाईत किंवा टांग्याला राबणारा घोडा थकला की त्याची किंमत घटे. मग त्याचे केस लांब व कुरळे झाले, पाठीवरचे मांस झडले, पोट सुटले, तहान वाढली, तरी मालक एकच निदान करी: घोडा म्हातारा झाला.

या लक्षणांचा उलगडा माणसांच्या वैद्यकातून सुरू झाला. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी 1912 मध्ये अशाच विस्कटलेल्या शरीरक्रियेच्या एका तरुणीची नोंद केली आणि 1932 मध्ये अशा रुग्णांच्या आजाराचा संबंध मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील लहान गाठींशी जोडला. पुढे घोड्यांच्या आजारालाही कुशिंग यांचेच नाव चिकटले. दोन्ही आजारांत फरक मात्र मोठा आहे. घोड्यात बिघाड मुख्यतः ग्रंथीच्या मधल्या भागात होतो. मेंदूतून तेथे डोपामीन पोहोचविणाऱ्या चेतापेशी वयानुसार झिजतात, डोपामीनचा लगाम सुटतो, तो भाग वाढतो आणि एसीटीएचसह अनेक संप्रेरके वाजवीपेक्षा अधिक स्रवू लागतात.

डोपामीनचे काम करणारे परगोलाइड हे औषध पूर्वी माणसांच्या पार्किन्सन आजारावर वापरले जाई. हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याचे दिसल्याने 2007 मध्ये अमेरिकेत ते माणसांसाठी मागे घेण्यात आले. 2011 मध्ये तेथेच घोड्यांच्या या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. ते झिजलेल्या पेशी परत आणीत नाही, म्हणून सहसा आयुष्यभर द्यावे लागते. मात्र त्याने लक्षणे आटोक्यात राहू शकतात.

निदानाचीही एक खुबी आहे. निरोगी घोड्यातही उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत एसीटीएच वाढते. त्यामुळे रक्ततपासणीचा आकडा महिना पाहूनच वाचावा लागतो.

मालकाची नजर किती मोलाची, हे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. पंधरा वर्षे व त्यावरील घोड्यांपैकी सुमारे 21 टक्क्यांत हा आजार आढळला आणि मालकांनी सांगितलेली केसांच्या अतिवाढीची माहिती निदानाचा प्रबळ संकेत ठरली. म्हणजे मालकांना बदल दिसत होता. त्या बदलाला आजार म्हणतात, हे अनेकांना ठाऊक नव्हते.

या अज्ञानाची किंमत घोडा मोजतो. आजारी घोड्यांपैकी अनेकांच्या रक्तात इन्सुलिन वाढते, आणि त्यातून खुराच्या आतील संवेदनशील थराला दाह होतो. अशा घोड्याला एकेक पाऊल टाकणे असह्य होते. जखमा व जंतुसंसर्गही रेंगाळतात. वयाने मंदावलेला म्हणून ज्याला कोपऱ्यात बांधून ठेवले जाते, तो प्रत्यक्षात वेदनेमुळे हलत नसतो.

म्हणून ऐन उन्हाळ्यात घोड्याचे हिवाळी केस गळत नसतील, तर केवळ कातरून भागत नाही. पशुवैद्याला बोलवावे लागते. दातांवरून वय वाचण्याची जुनी विद्या आजही उपयोगी आहे. तिच्या जोडीला हा नवा धडा मालकापर्यंत पोहोचला, तर घोड्याची अखेरची वर्षे वेदनेवाचून जाऊ शकतील.