दातओठ खाण्याचा इतिहास

मराठी माणसाचा जबडा हा फार कष्टाळू अवयव आहे. कडक भाकरी, दिवाळी उलटून गेल्यावर उरलेली चकली, मुंजीतला दगडी लाडू आणि शेजाऱ्याची अब्रू, एवढं सगळं तो निमूटपणे चघळतो. राग आला की आपण दातओठ खातो, घाबरलो की आपली दातखीळ बसते, आणि साहेबापुढे उभे राहिलो की दात आवळून ‘हो सर’ म्हणतो. या सर्व प्रसंगी राबणारा स्नायू एकच. कानाच्या पाळीखाली, गालाच्या मागच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि दात घट्ट आवळा. (कोणी बघत नाही ना, तेवढं आधी पाहून घ्या.) सुपारीसारखा टणक गोळा हाताला लागेल. डॉक्टरमंडळी त्याला ‘मॅसेटर’ म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ ‘चावणारा’. ग्रीक लोकांनी उगाच फार डोकं चालवलेलं नाही.

हल्ली या सुपारीत सुई टोचून घेण्याची पद्धत निघाली आहे. टोचून घेणारे दोन जातीचे. एक, जे झोपेत करकरा दात खातात आणि सकाळी कपाळ धरून उठतात. आणि दुसरे, ज्यांना आपला चौकोनी चेहरा लंबगोल करून हवा असतो. मॅसेटरला काम कमी दिलं की महिन्या-दोन महिन्यांत तो रोडावतो आणि चेहऱ्याचा खालचा भाग निमुळता दिसू लागतो. सौभाग्यवतींच्या एका मैत्रिणीच्या भाचीने लग्नाआधी दोन महिने ही सुई घेतली. आमच्या वेळी लग्नाआधी फक्त हळद लावत.

आता सुईत असतं काय? तर विष. तेही साधंसुधं नाही, माणसाला माहीत असलेल्या विषांत सर्वांत जहाल. आणि त्याचा उगम कुठला म्हणाल, तर जर्मन लोकांच्या सॉसेजमधला.

सॉसेज म्हणजे जनावराच्या आतड्यात किंवा जठरात मांस, रक्त, चरबी आणि मसाला ठासून भरलेला एक पदार्थ. १७९३ साली दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेमबर्ग संस्थानात, विल्डबाड नावाच्या गावी असल्या एका सॉसेजने तेरा माणसं आजारी पाडली आणि त्यांतली सहा दगावली. आजार मोठा चमत्कारिक. पापण्या जड होऊन मिटायच्या, एकाची दोन माणसं दिसायची, तोंड कोरडं पडायचं, घास गिळवेना व्हायचा आणि शेवटी श्वास बंद. आणि एवढं होईपर्यंत रोग्याची शुद्ध मात्र साफ शाबूत! आपल्याला काय होतंय हे सगळं कळत असायचं, सांगायला तेवढी जीभ वळायची नाही.

याच संस्थानात युस्टिनुस केर्नर (१७८६–१८६२) नावाचे एक सरकारी डॉक्टर होते. ते कवीही होते. सहसा हा योग रोग्याला मानवत नाही, पण इथे जमलं. केर्नरांनी सॉसेज खाऊन आजारी पडलेल्यांच्या हकिकती चिकाटीने जमवल्या. १८२० सालच्या पुस्तकात ७६ रोगी, १८२२ सालच्या पुस्तकात १५५. पुढे त्यांनी नासक्या सॉसेजचा अर्क काढला, जनावरांना देऊन पाहिला आणि मग त्याचे काही थेंब स्वतःच्या जिभेवर टाकून चव आंबट लागते, तोंड कोरडं पडतं, असं शांतपणे लिहून ठेवलं. घरच्यांनी त्यांना काय ऐकवलं असेल याची इतिहासात नोंद नाही, पण ती प्रत्येकाला आपापल्या घरावरून करता येईल.

या गृहस्थांनी तीन गोष्टी सांगितल्या. हे विष हवा लागत नाही अशा जागी तयार होतं. ते नसांमधून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवतं. आणि (खरी कमाल इथे आहे) अगदी थोडं दिलं, तर ज्यांचे स्नायू नको तितके वळवळतात अशा रोग्यांवर ते औषध म्हणून चालेल. माणसं मारणाऱ्या पदार्थाकडे बघून ‘याचा उपयोग काय होईल?’ असं विचारायला कवीच लागतो. पुढे म्हातारपणी दृष्टी अधू झाली तेव्हा कागदावर शाईचे डाग पडत. तर हे गृहस्थ कागद दुमडून त्या डागांची भुतं बनवायचे आणि त्यांवर कविता करायचे. वाया म्हणून काही जाऊ द्यायचं नाही, असा कोकणस्थी बाणा.

यावर ‘हे आमच्याकडे होतंच’ म्हणायला मी जिभेच्या टोकावर आलो आहे. आपले वैद्य बचनाग आणि बिब्बा शुद्ध करून औषधात वापरत आले, ‘विषस्य विषमौषधम्’ हे तर पोरासोरांना पाठ. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर सॉसेज आपल्याकडे नव्हतं, तेव्हा हा मान जर्मनांना देणं भाग आहे.

विष कोण तयार करतं हे कळायला मात्र एक अंत्यविधी व्हावा लागला. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावी एका मयतासाठी वाजंत्रीवाले आले होते. वाजवून झाल्यावर मंडळी जेवायला बसली. पानात मिठाच्या पाण्यात मुरवलेलं डुकराचं मांस होतं. तिसाहून अधिक वाजंत्रीवाले जेवले, बरेच अंथरुणाला खिळले आणि तिघे मेले. एकाच्या दिवसाला गेलेले तिघं गेले, असा हा प्रकार. गेंट विद्यापीठाचे प्राध्यापक एमिल फान एरमेंगेम यांनी उरलेल्या मांसातून आणि मृतांच्या अवयवांतून हवेशिवाय वाढणारा जंतू शोधून काढला आणि १८९७ साली तो जगापुढे मांडला. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणतात. त्यावरून जंतूचं नाव पडलं बोट्युलिनस आणि विषाचं बोट्युलिनम. आजच्या बोटॉक्समधला ‘बोट’ तो हाच. गालावर सुई घेणाऱ्या भाचीला हे सांगू नये.

मग आलं दुसरं महायुद्ध. अमेरिकेत मेरीलँडमधल्या कॅम्प डेट्रिक येथे, शत्रूने हे विष वापरलं तर काय, आणि आपण वापरलं तर काय, या दोन्ही विचारांनी त्यावर काम सुरू झालं. १९४६ साली तिथे ते शुद्ध स्फटिकरूपात हाती आलं. एडवर्ड शांट्झ हे या कामातले एक शास्त्रज्ञ. १९४९ साली इंग्लंडमध्ये आर्नल्ड बर्गेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष नेमकं काय करतं ते दाखवलं. आपल्या टपालखात्याच्या भाषेत सांगतो. मेंदूने हुकूम काढला, नसेने तो स्नायूच्या दारापर्यंत आणला, पण दारावर चिठ्ठी टाकणारा पोस्टमन संपावर! चिठ्ठी म्हणजे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन. ते सुटतच नाही. आत स्नायू ठणठणीत, बाहेर नस ठणठणीत, दोघांचा बोलाचाली बंद. तीन-चार महिन्यांनी दळणवळण पूर्ववत सुरू होतं आणि स्नायू कामावर रुजू होतो.

केर्नरांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दीडशे वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डॉ. ॲलन स्कॉट उभे राहिले. तिरळ्या डोळ्याचा ओढ घेणारा स्नायू शस्त्रक्रियेशिवाय ढिला करता येईल का, या विवंचनेत ते होते. त्यांनी बरीच द्रव्यं माकडांवर करून पाहिली. त्यांत मण्यार जातीच्या सापाचं विषही होतं. शेवटी शांट्झनी पुरवलेलं हे सॉसेजचं विष लागू पडलं. माकडांवरचे प्रयोग १९७३ साली छापून आले, १९७० च्या दशकाच्या अखेरीस माणसांवर सुरुवात झाली, आणि डिसेंबर १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांची उबळ यांसाठी अमेरिकी सरकारने औषधाला मान्यता दिली. युद्धासाठी गाळलेलं विष एका डोळेवाल्या डॉक्टरने तिरळ्या माणसांच्या कामी लावलं. गेल्या शतकात उलट दिशेचे प्रवास इतके झाले, की हा एक सुलट प्रवास मला फार दिलासा देतो.

सौंदर्याचा शोध, बहुतेक सौंदर्याप्रमाणे, योगायोगाने लागला. कॅनडात व्हँकूव्हरला जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर. त्यांचे यजमान अलेस्टर कातडीचे डॉक्टर. १९८७ साली पापण्यांच्या उबळीसाठी येणारी एक बाई जीनबाईंवर रुसली, की या खेपेला भुवयांच्या मधे का नाही टोचलंत? तिथे टोचलं की चेहऱ्यावरची आठी जाते! रात्री हे नवऱ्याच्या कानावर गेलं, आणि लौकरच दवाखान्यातल्या स्वागतिकेच्या कपाळावर पहिला प्रयोग झाला. नवरा-बायको जेवताना एकमेकांचं ऐकतात तेव्हा काय घडू शकतं, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नसेल. १९९२ मध्ये त्यांनी लेख छापला, २००२ मध्ये अमेरिकेत कपाळाच्या आठ्यांसाठी मान्यता मिळाली.

आणि जबडा? वाढलेल्या मॅसेटरची पहिली नोंद १८८० सालची, इंग्लंडमधल्या एका दहा वर्षांच्या मुलीची. १९४७ साली गर्नी नावाच्या सर्जनने वाढलेला भाग कापून काढण्याची रीत मांडली. १९९४ साली ब्रिटनमधून दोन वेगवेगळे अहवाल आले, की कापाकापी नको, सुई पुरते. पुढे कोरियासारख्या पूर्वेकडच्या देशांत, जिथे निमुळती हनुवटी म्हणजे रूप, तिथे ही सुई चहासारखी लोकप्रिय झाली.

या औषधाचं माप ‘युनिट’. एक युनिट म्हणजे टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे मारायला लागेल तेवढं विष. म्हणजे उंदराच्या जिवावर माणसाचं सौंदर्य मोजायचं. जबड्याच्या एका बाजूला अशी युनिटं मोजून देतात, आणि वजनात ती मोजायला ग्रॅमचे अब्जांश लागतात. सगळा खेळ मात्रेचा आणि हाताचा. जरा पुढे टोचलं तर हसणं वाकडं होतं. २००४ साली अमेरिकेत फ्लॉरिडात प्रयोगशाळेतलं विनापरवाना विष टोचून घेतलेली चार माणसं थेट श्वासयंत्रावर गेली. तेव्हा पार्लरमध्ये भुवया कोरता कोरता कोणी ‘जबड्याचंही करून टाकू का?’ असं विचारलं, तर तिथून चपला हातात घेऊन पळावं.

इथवर सगळं हसण्यावारी नेलं. पण या विषयात मी शिरलो तो भाचीमुळे नव्हे. माझी आई झोपेत दात खायची. साताऱ्याच्या वाड्यात आम्ही अकरा माणसं, आणि मी तिच्या शेजारी निजायचो. रात्री जातं फिरावं तसा आवाज यायचा. आजीने निदान केलं, ‘पोटात जंत असतील,’ आणि वावडिंगाचा काढा दिला. आई तोही मुकाट्याने प्याली. दिवसभरात ती जे जे मुकाट्याने गिळायची त्यात ही एक वाटी वाढली. सकाळी कानशिलं ठणकायची, मग सुंठेचा लेप लावून ती चुलीपुढे बसायची. चाळिशीत तिच्या दाढा पाटीसारख्या सपाट झाल्या होत्या. तिने कोणाला उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. सगळे तिच्या स्वभावाचं कौतुक करायचे.

माझी मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. अमेरिकेतली सकाळ म्हणजे हिची रात्र, आणि त्या सकाळी जे साहेब फोनवर येतात त्यांना ही दात आवळून ‘शुअर’ म्हणते. आवाज तोच, जातं तेच. दातांत घालायची रबरी पट्टी झाली, ती तिने चावून भोकं पाडली. मग डॉक्टरांनी सुई दिली. कपाळदुखी पुष्कळ कमी झाली. मी त्या सॉसेजवाल्या कवीला मनोमन नमस्कार केला. पण डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, ‘या सुईने जोर कमी होतो. दात खाण्याचा हुकूम वरून सुटतो, तो सुटतच राहतो. त्याचं बघा.’

घरी येताना तिने विचारलं, ‘बाबा, आजीला ही सुई मिळाली असती तर?’

दाढा वाचल्या असत्या, मी म्हणालो. कानशिलांवरचा लेप वाचला असता. याच्यापुढे मला काही सांगता येईना, म्हणून मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

चार महिने होत आले. सुईचा जोर आता ओसरायचा. मधल्या काळात तिने साहेबांना कळवलं आहे, की आठवड्यात तीन रात्री फोन घेणार नाही. साहेब नाराज आहेत. दुसरी सुई घ्यायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. मी रात्री पाण्याला उठलो की तिच्या दाराशी मिनिटभर उभा राहतो आणि कान देतो. काल काही ऐकू आलं नाही. फक्त पंख्याचा आवाज होता.