द हे वेन (चित्र)

द हे वेन हे इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल (११ जून १७७६ – ३१ मार्च १८३७) यांनी इ.स. १८२१ मध्ये पूर्ण केलेले तैलचित्र आहे. 'वेन' हा गाडी या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द असून 'हे वेन' म्हणजे वाळलेले गवत वाहून नेणारी गाडी. सुमारे १३० सेंटिमीटर उंच व १८५ सेंटिमीटर रुंद असलेले हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. युद्ध, पुराणकथा किंवा राजवैभव यांपैकी काहीही त्यात नाही. नदीचा उतार, एक घर, एक रिकामी गाडी आणि ढगाळ आकाश एवढाच त्याचा विषय आहे. रोजच्या पाहण्यातील परिसर हा भव्य चित्राचा विषय होऊ शकतो, हे प्रस्थापित करणाऱ्या महत्त्वाच्या कलाकृतींत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

कॉन्स्टेबल यांचा जन्म इंग्लंडच्या सफक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट या गावी झाला. त्यांचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे व्यापारी होते. स्टाउर नदीकाठची फ्लॅटफर्ड येथील पाणचक्की त्यांच्या मालकीची होती. जॉन यांनी तारुण्यात काही काळ घरच्या व्यवसायात काम केले व इ.स. १७९९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत प्रवेश घेतला.

त्या काळच्या कलाविचारात विषयांची उतरंड ठरलेली होती. ऐतिहासिक, धार्मिक व पौराणिक प्रसंगांची चित्रे सर्वांत श्रेष्ठ मानली जात आणि निसर्गचित्रांचे स्थान बरेच खालचे होते. निसर्ग रंगवायचा झाला तरी प्राचीन अवशेषांनी सजवलेला आदर्श देखावा अधिक पसंत केला जाई. कॉन्स्टेबल यांनी मात्र बालपणापासून परिचित असलेला काही मैलांचा परिसरच पुन्हा पुन्हा रंगवला. इ.स. १८१९ पासून त्यांनी स्टाउर नदीवरील दृश्यांसाठी सुमारे सहा फूट रुंदीचे कापड वापरण्यास सुरुवात केली. एवढा मोठा आकार सामान्यतः ऐतिहासिक चित्रांसाठी वापरला जात असे. 'द हे वेन' हे या मालिकेतील तिसरे चित्र होय.

चित्रातील दृश्य

हे दृश्य फ्लॅटफर्डच्या पाणचक्कीजवळून पाहिलेले आहे. डावीकडील घर विली लॉट या शेतकऱ्याचे आहे. ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात हा गृहस्थ जेमतेम चार दिवस या घराबाहेर राहिला, असे सांगितले जाते. मध्यभागी घोडे जुंपलेली रिकामी गाडी उथळ पाण्यातून जात आहे. दूर उजवीकडील कुरणात मजूर दुसऱ्या गाडीत गवत भरत आहेत. अलीकडच्या काठावर एक कुत्रा गाडीकडे पाहत उभा आहे. नदीच्या डाव्या तीरावर सफक, तर पलीकडच्या शेतांच्या बाजूस एसेक्स परगणा आहे.

गाडी नदी ओलांडत असावी, हा सरळ अर्थ आहे. उन्हाने लाकूड आकसून चाकाची लोखंडी धाव सैल होते, म्हणून चाके भिजवण्यासाठी गाडी पाण्यात घातली असावी, असेही स्पष्टीकरण दिले जाते.

हिरव्या रंगाच्या अनेक छटा शेजारी शेजारी ठेवून कॉन्स्टेबल यांनी झाडांना सजीवपणा आणला आहे. घोड्यांच्या साजातील लाल रंगामुळे ती हिरवाई अधिक उठून दिसते. पाण्यावरील चमक दाखवण्यासाठी त्यांनी शुभ्र रंगाचे बारीक ठिपके वापरले आहेत.

निर्मिती

हे चित्र नदीकाठी बसून नव्हे, तर लंडनमधील चित्रशाळेत रंगवले गेले. त्यासाठी कॉन्स्टेबल यांनी पूर्वी जागेवर केलेल्या अभ्यासचित्रांचा आधार घेतला. अंतिम चित्राच्याच आकाराचा एक कच्चा तैलखर्डा त्यांनी आधी तयार केला. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गाडीचे तपशील अचूक असावेत म्हणून त्यांच्या धाकट्या भावाने गावाकडून गाडीची रेखाटने करवून पाठवली होती. पुढील काठावर आधी घोडेस्वार रंगवलेला होता. नंतर त्याच्या जागी पिंप आले व शेवटी तेही झाकण्यात आले.

त्याच वर्षी लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे त्यांनी ढगांची अनेक अभ्यासचित्रे केली. त्यांपैकी बऱ्याच चित्रांच्या मागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा यांची नोंद आढळते.

प्रदर्शन व स्वागत

इ.स. १८२१ मध्ये रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात हे चित्र 'निसर्गदृश्य : मध्यान्ह' अशा अर्थाच्या शीर्षकाने मांडले गेले. ते विकले गेले नाही. पुढे एका फ्रेंच व्यापाऱ्याने ते खरेदी केले व इ.स. १८२४ मध्ये पॅरिसच्या 'सालों' प्रदर्शनात ते झळकले. राजा दहावा शार्ल याने कॉन्स्टेबल यांना सुवर्णपदक दिले. ते पाहून चित्रकार यूजीन देलाक्रवा यांनी आपल्या एका मोठ्या चित्रातील रंगांत फेरफार केल्याचे प्रसिद्ध आहे. स्वतः कॉन्स्टेबल कधीच परदेशी गेले नाहीत. मायदेशी रॉयल अकॅडमीचे पूर्ण सदस्यत्व मिळण्यासाठी त्यांना इ.स. १८२९ पर्यंत थांबावे लागले. इ.स. १८८६ मध्ये हेन्री व्हॉन या संग्राहकाने हे चित्र नॅशनल गॅलरीस भेट दिले.

टीका

नेपोलियनविरोधी युद्धांनंतर इंग्लंडमधील शेतीव्यवसाय मंदीत सापडला होता. पूर्व इंग्लंडमधील शेतमजुरांत असंतोष होता व इ.स. १८१६ आणि १८२२ मध्ये तेथे दंगेही झाले. चित्रातील शांततेत याचा मागमूस दिसत नाही. जॉन बॅरेल यांनी इ.स. १९८० मधील आपल्या ग्रंथात मांडले, की कॉन्स्टेबल यांच्या चित्रांत मजूर दूर व लहान दिसतात. त्यामुळे त्यांचे कष्ट देखाव्यात विरून जातात. हा परिसर चित्रकाराला घरचा होता, तसाच तो त्याच्या वडिलांच्या मालमत्तेचाही भाग होता, ही बाब चित्र पाहताना लक्षात ठेवावी लागते.

वारसा

इ.स. २००५ मध्ये बीबीसी रेडिओ ४ ने घेतलेल्या श्रोत्यांच्या मतदानात ब्रिटनमधील सर्वोत्तम चित्र म्हणून टर्नर यांच्या 'द फायटिंग टेमेरेअर' या चित्रास पहिला, तर 'द हे वेन' यास दुसरा क्रमांक मिळाला. जुलै २०२२ मध्ये खनिज तेलाच्या वापराविरुद्ध आंदोलन करणाऱ्या दोघांनी या चित्रावर छापील कागद चिकटवले. त्या कागदांवर याच दृश्यात रस्ता, विमाने व मोटारी दाखवल्या होत्या. चित्राची हानी किरकोळ होती व दुरुस्तीनंतर ते पुन्हा मांडण्यात आले.

विली लॉटचे घर व फ्लॅटफर्डची पाणचक्की आजही उभी असून नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहेत. भोवतालचे डेडम खोरे इ.स. १९७० पासून संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. एकेकाळी चित्राचा विषय होण्याइतकेही महत्त्व नसलेली ही जागा आता मुख्यतः त्या चित्रामुळेच जपली जाते.