पाणबुड्यांचा राखीव हवापुरवठा

पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्याचा मुख्य हवापुरवठा खंडित झाल्यास त्याला सुरक्षितपणे वर येता यावे, यासाठी केलेल्या दुय्यम श्वसनव्यवस्थेस राखीव हवापुरवठा म्हणतात. बुडालेल्या व्यक्ती, वाहने वा गुन्ह्यांचे पुरावे शोधणाऱ्या बचाव पाणबुड्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था विशेष महत्त्वाची आहे. हौशी पाणबुडे बहुधा स्वच्छ पाण्यात व जोडीने उतरतात. बचाव पाणबुड्याला मात्र गढूळ पाण्यात, पुष्कळदा एकट्याने व काठावरून धरलेल्या दोराच्या आधारे, हातांनी चाचपडत काम करावे लागते.

या कामातील अडचणी रायगड जिल्ह्यात प्रकर्षाने दिसून आल्या. गाढी नदीकाठच्या पनवेलपासून दक्षिणेस जाणारा मुंबई–गोवा महामार्ग पावसाळ्यात वेगाने फुगणाऱ्या अनेक नद्या ओलांडतो. त्यांपैकी सावित्री नदीवरील महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री पुरात कोसळला व राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्यांसह काही वाहने वाहून गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व तटरक्षक दल यांनी शोध हाती घेतला. वेगवान प्रवाह व गढूळ पाणी यांमुळे तो लांबला आणि एका बसचे अवशेष नौदलाच्या पाणबुड्यांना ११ ऑगस्ट रोजी सापडले. अशा पाण्यात दाबमापकावरील आकडे वाचता येत नाहीत. वाकलेले पत्रे, फांद्या वा जाळी यांत पाणबुड्या अडकल्यास त्याला तत्काळ वरही येता येत नाही.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस सीबे यांनी प्रचारात आणलेल्या शिरस्त्राणयुक्त पोशाखात हवा पृष्ठभागावरील पंपातून नळीने येई, नळी तुटल्यास शिरस्त्राणात व पोशाखात उरलेल्या हवेवरच भिस्त असे. १८६० नंतरच्या दशकात रूकेरॉल व दनेरूझ या फ्रेंच संशोधकांनी पाठीवर लोखंडी हवापात्र असलेले साधन तयार केले. या पात्रातही हवा नळीनेच येई. मात्र नळी काढून पाणबुड्याला थोडा वेळ त्यातील साठ्यावर श्वास घेता येई. राखीव साठ्याची कल्पना येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

झाक कूस्तो व एमील गान्यान यांनी १९४३ मध्ये तयार केलेल्या ‘ॲक्वालंग’ साधनामुळे पाणबुड्या नळीच्या बंधनातून मुक्त झाला, परंतु हवा केव्हा संपेल हे कळणे कठीण झाले. त्यावर राखीव झडपेचा उपाय निघाला. सिलिंडरमधील दाब ठराविक मर्यादेखाली उतरला की श्वास जड होई व तरफ ओढल्यावर उरलेली हवा मिळे. ही सूचना अंधारातही कळत असे, हा तिचा मोठा गुण होता. तथापि तरफ फांदीला अडकून आधीच ओढली गेल्यास राखीव हवा नकळत खर्च होई. पुढे दाबमापक सर्रास वापरात आले व झडप मागे पडली. सोबत्यासाठी दुसरे मुखनळ जोडण्याची पद्धतही रूढ झाली. पण तेही त्याच सिलिंडरला व त्याच दाबनियामकाला जोडलेले असल्याने त्यांत बिघाड झाल्यास निरुपयोगी ठरते.

निवड : यावरून बचावकार्यासाठी दोन निकष निघतात : राखीव पुरवठा मुख्य पुरवठ्यापासून पूर्णपणे स्वतंत्र असावा आणि अडकलेल्या पाणबुड्याची सुटका होईपर्यंत तो पुरावा. भीती व श्रम यांमुळे श्वसन मिनिटाला ४० लि. पर्यंत वाढले असे धरल्यास, १० मी. खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्याने ८० लि. हवा लागते. हातात मावणाऱ्या छोट्या कुपीत सु. ८५ लि. हवा असते, ती जेमतेम एक मिनिट पुरते. वर येण्याची वाट मोकळी असेल तरच तिचा उपयोग. २०० बार दाबाने भरलेला ३ लि. धारणाशक्तीचा स्वतंत्र सिलिंडर सु. ६०० लि. हवा, म्हणजे सु. सात मिनिटांचा अवधी देतो. तेवढ्यात जाळी कापता येते किंवा काठावर सज्ज असलेला दुसरा पाणबुड्या मदतीस पोहोचू शकतो.

दूषित पाण्यात संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा वापरतात. तो काढून दुसरे मुखनळ तोंडात धरणे अंधारात धोक्याचे असते. म्हणून मुखवट्याची नळी बदल-झडपेमार्फत दोन्ही पुरवठ्यांना जोडतात. झडप फिरवताच राखीव हवा मुखवट्यातच येते. पृष्ठभागावरून नळीने हवा देण्याची जुनी पद्धतही सुधारित स्वरूपात वापरली जाते. हवा उलट दिशेने जाऊ नये म्हणून तीत एकमार्गी झडप व पाणबुड्याच्या पाठीवर राखीव सिलिंडर असतो. मोठ्या साठ्याबरोबर वजन व अडकण्याची शक्यता वाढते. म्हणून सिलिंडर शरीरालगत घट्ट बांधणे, पाण्यात उतरण्यापूर्वी त्याचा दाब तपासणे व डोळे झाकून झडप बदलण्याचा वारंवार सराव करणे, हा या निवडीचाच भाग होय.