मोबाईलचा डिस्प्ले फुटला? बेळगाव-निपाणी भागात दुरुस्तीला देण्याआधी हे बघा

मोबाईल पडून डिस्प्ले फुटला की सीमाभागातल्या माणसाचे पहिल्यांदा अडते ते पैशाचे. पिन टाकता येत नाही म्हणून फोन-पे बंद. बँकेचा ओटीपी दिसत नाही. गृहलक्ष्मीचे दोन हजार जमा झाले का, कारखान्याकडून उसाच्या बिलाचा मेसेज आला का, काहीच कळत नाही. अशा घाईत माणूस जवळच्या दुकानात शिरतो, मेकॅनिक सांगेल तो आकडा मान्य करतो आणि बिल न घेताच बाहेर पडतो. महिनाभरात टच पुन्हा नाचायला लागला की मग वाद सुरू. हे टाळायचे असेल तर थोडी माहिती आधीच असलेली बरी.

नेमके काय फुटले आहे?

आपण ज्याला सरसकट ‘डिस्प्ले’ म्हणतो त्यात तीन थर असतात. वर काच, तिच्याखाली बोटाचा स्पर्श ओळखणारा टचचा थर आणि सगळ्यात खाली चित्र दाखवणारे पॅनेल. आजकालच्या फोनमध्ये हे तिन्ही थर पारदर्शक गोंदाने एकमेकांना चिकटवलेले असतात. दुकानात या जोडणीला ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ म्हणतात.

वरची काच साधी नसते. वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून तिच्या पृष्ठभागातले सोडियमचे लहान कण काढून तिथे पोटॅशियमचे मोठे कण बसवतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि काच कणखर होते. पण खडी, मुरूम, खरखरीत फरशी यांचा टोकदार कण त्या दाबलेल्या थराच्या खाली घुसला की काच तडकते. म्हणून एकदा गुळगुळीत टाइल्सवर पडून वाचलेला फोन दुसऱ्यांदा रस्त्यावर पडला की फुटतो.

ओळखायचे असे. काचेला तडा आहे, पण चित्र स्वच्छ दिसते आणि टच सगळीकडे चालतो, तर बहुधा फक्त काच गेली आहे. चित्र नीट दिसते, पण बोट लावले तरी काही होत नाही किंवा आपोआप ॲप उघडतात, तर टच गेला. काळे डाग शाईसारखे पसरत आहेत, हिरव्या-गुलाबी रेषा आल्या आहेत किंवा रिंग वाजते पण पडदा काळा आहे, तर पॅनेल गेले. पहिल्या प्रकारात खर्च कमी, तिसऱ्यात सगळ्यात जास्त.

फोन पडलाच नाही आणि तरी उभी हिरवी रेषा आली, तर बाहेरच्या दुकानात जायची घाई करू नका. अशा तक्रारींवर वनप्लस, सॅमसंग यांसारख्या कंपन्यांनी काही मॉडेलसाठी मोफत स्क्रीन बदलून देण्याची सवलत भारतात जाहीर केली होती. पण फोन आधी बाहेर उघडलेला असेल तर अशी सवलत मिळणे अवघड.

फुटल्यावर पहिल्या तासाभरात

काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. तुकडे बोटाला आणि कानाला लागतात, म्हणून बोलताना स्पीकर किंवा हेडफोन वापरा. तडा गेलेला फोन पाणी अडवत नाही. आपल्याकडचा पावसाळा बघता खिशातला ओलावासुद्धा बोर्ड खराब करायला पुरतो.

टच मेला पण चित्र दिसत असेल, तर ओटीजी जोडणी घेऊन साधा कॉम्प्युटरचा माऊस लावून बघा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण दिसतो आणि त्याने लॉक उघडून फोटो, नंबर, कागदपत्रे दुसरीकडे घेता येतात.

पैशाचे व्यवहार थांबले असतील तर तेच सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला. त्यासाठी नवीन सिम घेऊ नका. सिम बदलले की पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे ओटीपीही येत नाही. जुनेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून यूपीआय चालू करता येते, पण नव्या फोनवर पहिल्या दिवशी रकमेची मर्यादा असते हे ध्यानात ठेवा. दवाखाना किंवा खताचे मोठे पैसे द्यायचे असतील तर बँकेतून रोख काढलेली बरी.

खर्च किती धरावा?

दर मॉडेलवर ठरतो, तरी अंदाज असा धरता येतो. साध्या एलसीडी फोनचा कॉम्बो बाहेरच्या दुकानात साधारण बाराशे ते अडीच हजारांत बसतो. अमोलेड पडद्याच्या मधल्या किमतीच्या फोनला कंपनीचा डिस्प्ले चार ते दहा हजारांपर्यंत जातो. कडा वाकलेले आणि महागडे फोन असतील तर पंधरा हजारांच्या पुढे तयारी ठेवा. फक्त काच बदलायची असेल तर पाचशेपासून दोन हजारांपर्यंत.

दुकानात जाण्याआधी एक काम घरबसल्या होते. सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो या कंपन्या भारतातल्या सुट्या भागांचे दर आपल्या संकेतस्थळावर देतात, ॲपलचाही अंदाजित दर बघता येतो. तो आकडा खिशात ठेवूनच बाहेरच्या दुकानात विचारा. खडे बाजार-गणपत गल्लीच्या बाजारपेठेतला मेकॅनिक असो की निपाणीतला, गिऱ्हाईकाला कंपनीचा दर माहीत आहे म्हटल्यावर बोलणे सरळ होते.

‘ओरिजिनल’ म्हणजे नक्की काय?

दुकानात चार शब्द ऐकू येतात. सर्व्हिस पॅक म्हणजे कंपनीच्या पाकिटातून आलेला भाग. ओजी किंवा ‘पुल’ म्हणजे दुसऱ्या फोनचा काढलेला, बऱ्याचदा नवी काच चढवलेला मूळ डिस्प्ले. फर्स्ट कॉपी म्हणजे दुसऱ्या कारखान्यात बनवलेला. आणि इनसेल म्हणजे अमोलेडच्या जागी बसवायचा स्वस्त एलसीडी.

इनसेल वाईटच असे नाही, पण तो काय आहे हे कळून घ्यावा. त्यात काळा रंग राखाडी दिसतो, उन्हात पडदा फिका पडतो, बॅटरी लवकर उतरते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पडद्याखालचा फिंगरप्रिंट बहुतेक वेळा बंद पडतो, कारण तो अमोलेडमधून आरपार जाणाऱ्या उजेडावर चालतो. आयफोनला बाहेरचा डिस्प्ले लावला तर सेटिंगमध्ये अनोळखी भागाची सूचना कायम दिसते आणि ट्रू टोन जाऊ शकतो.

फक्त काच बदलणे हे मशीनचे काम. गरम प्लेटवर तारेने काच सुटी करायची, गोंद पुसायचा, नवी काच व्हॅक्युममध्ये चिकटवायची. हे करताना पातळ अमोलेड पॅनेल मरू शकते. “गेला तर आमची जबाबदारी नाही” असे बरेच दुकानदार आधीच सांगतात. ही जोखीम कोणाची, हे फोन हातातून देण्याआधी ठरवा आणि पावतीवर लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाईकाला कोणी सांगत नाही. फक्त काच फुटलेला मूळ अमोलेड डिस्प्ले टाकाऊ नसतो, नवी काच चढवून तो पुन्हा विकला जातो. पूर्ण कॉम्बो बदलत असाल तर जुना परत मागा, नाहीतर त्याचे पैसे दरातून कमी करायला सांगा.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

समजा, पंधरा हजारांचा फोन तीन वर्षे वापरला. धड असता तर एक्स्चेंजला पाच हजार आले असते, फुटलेल्याचे दीड हजार येतात. म्हणजे फुटल्यामुळे नुकसान साडेतीन हजारांचे. अडीच हजारांत चांगला डिस्प्ले बसत असेल तर दुरुस्ती परवडते. कंपनीत साडेचार हजार सांगत असतील तर फोन अजून वर्ष-दोन वर्षे वापरायचा असेल तरच करा. कॉपी डिस्प्ले लावलेल्या फोनला पुढे एक्स्चेंजचा भाव कमी येतो, तेही हिशेबात धरा. बॅटरी थकली असेल तर फोन उघडलाच आहे म्हणून ती त्याच वेळी बदलून घ्या, दुसऱ्यांदा मजुरी पडत नाही.

त्याऐवजी जुना फोन विकत घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक बघा. केवायएम लिहून पुढे तो पंधरा अंकी क्रमांक टाकून १४४२२ वर एसएमएस करा, किंवा संचार साथीवर तपासा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन पदरात पडला तर पैसेही गेले आणि वर पोलिसांचा फेरा.

कोल्हापूर की बेळगाव?

निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव ७५. त्यामुळे निपाणीकर सहज कोल्हापूर गाठतात, तर चंदगड भागातले लोक बेळगावात येतात. भारतात विकलेल्या फोनची वॉरंटी दोन्ही राज्यांत सारखीच चालते, सर्व्हिस सेंटर कुठले यावर काही अवलंबून नाही. मात्र पडून फुटणे साध्या वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी वेगळा विमा किंवा संरक्षण योजना लागते आणि ती बहुतेक वेळा फोन घेतल्यावर ठराविक दिवसांतच काढावी लागते.

प्रवासखर्च विसरू नका. एक फेरी फोन द्यायला, दुसरी आणायला. कर्नाटकातल्या महिलांना शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून मोफत जाता येते, पण राज्याच्या हद्दीतच. म्हणजे निपाणीच्या बाईला लांबचे बेळगाव फुकट आणि जवळचे कोल्हापूर विकत. शिवाय सीमावाद पेटला की पहिल्यांदा बस थांबते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांमधली बससेवा काही दिवस विस्कळीत झाली होती. दोन-चार दिवस ठेवून घ्यावे लागणारे काम असेल तर फोन पलीकडे अडकणार नाही असे बघा, किंवा भाग आल्याची खात्री फोनवर करून मगच निघा.

फोन देताना आणि घेताना

देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा. शक्य असेल तर बॅकअप घ्या. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत. पडदा बदलायला पासवर्डची गरज नसते. तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा. यूपीआयचा पिन तर कोणालाच सांगू नका.

पावतीवर चार गोष्टी हव्यात: आयएमईआय, कोणत्या प्रतीचा डिस्प्ले, एकूण रक्कम आणि वॉरंटीचे दिवस. पावती कन्नडमध्ये असो, इंग्रजीत असो, या चार गोष्टी दुकानदाराकडून वाचून घ्या. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

घेताना दुकानातच पाच मिनिटे द्या. एखादे चिन्ह बोटाने धरून पडद्याच्या चारही कोपऱ्यांत फिरवा, मध्येच सुटले तर तिथे टच मेलेला आहे. पांढरे पान उघडून डाग बघा. बाहेर उन्हात उजेड बघा. एक कॉल लावून फोन कानाशी न्या, पडदा बंद झाला पाहिजे. फिंगरप्रिंट, सेल्फी कॅमेरा, स्पीकर तपासा. कडेला नख जाईल एवढी फट राहिली असेल तर पुन्हा दाबून घ्या.

दुकानदार ऐकत नसेल तर

बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. “एकदा दिलेला माल परत नाही” अशी पाटी लावल्याने हा हक्क जात नाही.

पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, क्रमांक १९१५. तिथे मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सीमाभागासाठी यातला मुद्दा मोलाचा आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात विक्रेता जिथला किंवा व्यवहार जिथे झाला तिथेच तक्रार करावी लागे, म्हणजे कोल्हापुरात फसलेल्या निपाणीकराला कोल्हापूरच्या फेऱ्या. नव्या कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे जायची मुभा दिली. निपाणीचा ग्राहक कोल्हापूरच्या दुकानाविरुद्ध बेळगावला, आणि चंदगडचा ग्राहक बेळगावच्या दुकानाविरुद्ध कोल्हापूरला दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केले आहे. त्यात सुटे भाग, दुरुस्ती केंद्रे आणि वॉरंटीची माहिती एका ठिकाणी मिळते.

हे सगळे करायला हातात एकच कागद लागतो, तो म्हणजे बिल. जीएसटीचे शे-दोनशे वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम केले की दोन्ही राज्यांतला कायदा असूनही उपयोग होत नाही. तेवढे पैसे द्या, पण पक्के बिल घ्या, आणि त्याचा फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा.